अंदमानची स्टडी टूर: निम्मं काम सांगलीतच

विट्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलं आहे: एम.एस्सी.ची बावीस मुलं अंदमानला न्यायची आहेत. आजवर विभागाची सहल रत्नागिरी-मालवणच्या पुढे गेलेली नाही. किती दिवस ठेवावेत, कोणती बेटं घ्यावीत, मुलांनी तिथे नेमकं काय करायचं, निम्म्यांना पोहता येत नाही त्याचं काय, अंदमानऐवजी लक्षद्वीप चालेल का, आणि विभागाच्या म्युझियमसाठी नमुने आणता येतील का?

मॅडम, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत छोटं आहे, म्हणून ते आधी देतो. नाही. एकही नाही. प्रवाळ (पोवळी), समुद्री काकडी (काकडीच्या आकाराचा मऊ प्राणी) आणि समुद्री घोडे 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. म्हणजे कायद्याच्या लेखी पोवळ्याचा तुकडा आणि वाघाचं कातडं एकाच रांगेत. तुकडा मेलेला होता, किनाऱ्यावर पडलेलाच होता, हा बचाव चालत नाही. शंखशिंपल्यांमधल्याही बऱ्याच जाती संरक्षित आहेत, आणि कोणत्या आहेत हे मुलांना किनाऱ्यावर उभ्या उभ्या कळणार नाही. परतीच्या विमानतळावर बॅगा तपासताना हेच शोधलं जातं. संशोधनासाठी नमुने घ्यायचे तर वनविभागाची वेगळी परवानगी लागते आणि ती सहलीसाठी मागायची गोष्ट नव्हे. आपल्या विभागांतल्या फॉर्मॅलिनच्या जुन्या बरण्या पाहिल्या की हात शिवशिवतात हे मला ठाऊक आहे. पण त्या बरण्यांमधला पांढराफटक तारामासा बघून कुणी समुद्र शिकलेलं नाही. शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून, तारीख, वेळ, खोली आणि जागा लिहून काढलेला फोटो जास्त कामाचा.

आता मुख्य मुद्दा. अंदमानच्या बहुतेक कॉलेज सहली फसतात त्या टूरवाल्याच्या कागदावर. सहा दिवसांत नऊ ठिकाणं, रोज बॅग भरणं, रोज बोट, आणि समुद्राच्या पाण्यात प्रत्यक्ष वेळ किती, तर दोन-तीन तास. त्यातलाही तास मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढण्यात जातो. माझं म्हणणं सरळ आहे: ठिकाणं कमी करा आणि एकाच किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा जा. पहाटेच्या ओहोटीला, दुपारच्या भरतीला, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच जागी. पहिल्या फेरीत मुलं फक्त 'बघतात'. काय बघितलं नव्हतं ते दुसऱ्या फेरीत कळतं. प्रश्न पडायला लागतात ते तिसऱ्या फेरीपासून.

त्यासाठी शहीद द्वीप, म्हणजे जुनं नील बेट, मला सर्वांत सोयीचं वाटतं. बेट लहान आहे, सायकलवर फिरता येतं. ओहोटीला लक्ष्मणपूर आणि भरतपूरच्या बाजूला खडकाळ, प्रवाळी सपाटी उघडी पडते आणि घोट्याएवढ्या पाण्यात अर्धा अभ्यासक्रम दिसतो: काळ्या समुद्री काकड्या, भंगुरतारे (तारामाशांचे सडपातळ हातांचे भाऊबंद), खेकडे, काटेरी समुद्री अर्चिन, खडकात रुतून बसलेले जायंट क्लॅम, म्हणजे मोठाले शिंपले. स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉक, गाळलंत तर मुलं कुरकुरतील, कारण राधानगरचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. राधानगर सुंदरच आहे, पण तो वाळूचा किनारा आहे आणि आपण सूर्यास्त शिकवायला चाललेलो नाही. अर्ध्या दिवसाची भेट द्या, मुक्काम नको.

एकूण आठ दिवस धरा, प्रवास वेगळा. पहिले तीन श्रीविजयपुरमला, म्हणजे 2024 पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला. तिथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आणि संग्रहालय आहे, नौदलाचं 'समुद्रिका' संग्रहालय आहे. मुलांना हे आधी दाखवा, किनाऱ्यावर नंतर न्या. शहराजवळ ब्रुकशाबादला पाँडिचेरी विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे. त्यांना दोन महिने आधी विभागाच्या लेटरहेडवर पत्र टाका. एखादं व्याख्यान, एखाद्या संशोधक विद्यार्थ्यासोबत बर्मानाला इथल्या खडकाळ किनाऱ्यावर दोन तास, एवढं जमलं तरी सहलीचा दर्जा बदलतो. वंडूरला 1983 साली झालेलं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून जॉली बॉय किंवा रेड स्किन बेटावर बोट जाते. दोन्ही बेटं आलटून पालटून खुली ठेवतात, त्यामुळे तुमच्या तारखांना कोणतं चालू आहे ते आधी विचारा. प्लॅस्टिक न्यायला बंदी आहे, स्टीलच्या बाटल्या सांगून ठेवा. नंतरचे चार दिवस नीलला. शेवटचा दिवस पुन्हा श्रीविजयपुरमला, आणि तो मोकळा ठेवा. हवा बिघडली की बेटांमधल्या बोटी रद्द होतात, आणि बावीस विमान तिकिटं बुडाली तर प्राचार्यांना तोंड तुम्हालाच द्यायचं आहे. हाच मोकळा दिवस सेल्युलर जेलसाठी वापरा. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते. अंदमानला जाऊन जेल पाहिला नाही असं आपल्याकडच्या एकाही पालकाला सांगता येणार नाही.

महिना फेब्रुवारी किंवा मार्च. डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पावसाचा उपद्रव असतो आणि मेपासून नैऋत्येकडचा येतो. पण महिन्याइतकीच तिथी महत्त्वाची. इथे आपल्या मुलांचा एक फायदा आहे, घरोघरी पंचांग असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फारसं हलतच नाही. नीलचे चार दिवस उधाणाचे मिळतील अशा तारखा निवडा. कोकणातले लोक तिथीला तीनने गुणून चारने भागतात आणि भरतीची वेळ काढतात. आपल्या किनाऱ्यावर हे गणित चांगलं जुळतं, पण ते अंदमानला नेऊ नका. तिथल्या वेळा वेगळ्या, त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रकच घ्या. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून जेवणाच्या वेळा समुद्राप्रमाणे लावा. हॉटेलवाल्याला हे आधीच सांगितलेलं बरं. आणि घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य तिथे सांगलीपेक्षा सव्वा तास आधी चालतो. फेब्रुवारीत साडेपाचला अंधारायला लागतं. सकाळी नऊला नाश्ता करून निघणारी तुकडी निम्मा दिवस हरवते.

पोहण्याचं आता बोलू, कारण पालकसभेत हाच प्रश्न येणार. आटपाडी-जतची मुलं पाण्यात उतरलेली नसतात. वाळवा-पलूस-मिरजेकडची कृष्णेत पोहून मोठी झालेली असतात. आपल्याला वाटतं की काळजी पहिल्या गटाची. माझा अनुभव उलटा आहे. न पोहणारी मुलं लाइफ जॅकेट घालतात, दोरीला धरून शांत तरंगतात आणि खाली बघत राहतात. त्यांच्यामुळे प्रवाळाला काही होत नाही. नदीत पोहणारा पठ्ठ्या मान वर काढून हातपाय झोडत जातो, दमला की उभा राहायला पायाखाली काहीतरी शोधतो, आणि ते 'काहीतरी' जिवंत असतं. फांद्यांचं ॲक्रोपोरा प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर तरी वाढतं. दगडासारखं दिसणारं पोरायटिस प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. कमरेएवढ्या उंचीचा गोळा म्हणजे शतकाची वाढ, आणि त्यावर बूट ठेवायला एक सेकंद लागतो. म्हणून चांगल्या पोहणाऱ्यांनाही लाइफ जॅकेट सक्तीचं करा आणि फिन्स, म्हणजे पायात घालायची रबरी वल्ही, कुणालाही देऊ नका.

याची तयारी निघण्याआधी दोन महिने, जवळच्या तरण तलावात. पोहायला शिकवायचं नाही, तेवढा वेळ नसतो. तीनच गोष्टी: मास्क लावून तोंड पाण्यात ठेवणं, स्नॉर्केलच्या नळीतून तोंडाने श्वास घेणं, आणि मास्कमध्ये पाणी आलं तर न घाबरता नाकाने फुंकर मारून काढणं. चष्म्याचा नंबर असलेल्यांनी नंबरचा मास्क आधी मिळवावा, नाहीतर अंदमानात जाऊन निळं धुकं बघून येतील. मुलींसाठी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग हाच उत्तम पोशाख, आणि मुलांसाठीही तोच. ऊन लागत नाही आणि सनस्क्रीनही कमी लागतं. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनवर हवाई आणि पलाऊने बंदी आणली ती प्रवाळासाठीच. मासिक पाळीचं बोलायला एक शिक्षिका हवीच. त्या दिवसांत पाण्यात उतरायचं की नाही ते मुलीने ठरवावं, आणि किनाऱ्यावरचं काम तितक्याच तोलाचं असावं, म्हणजे कुणाला कारण सांगावं लागत नाही. पालकसभा टाळू नका. 2019 चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना 'पाण्यात नेतो' म्हटल्यावर भीती वाटणारच. हमीपत्रावर सही घेण्याआधी लाइफ जॅकेट टेबलावर ठेवा, कोण किती मुलांवर लक्ष ठेवणार ते सांगा. पाण्यात सहा मुलांमागे एक मोठं माणूस, शिवाय स्थानिक गाईड, आणि प्रत्येकाला ठरलेला जोडीदार.

समुद्रतळावर टेप टाकून जिवंत प्रवाळ किती ते मोजायचं, या पद्धतीचा सराव मात्र कोरड्यावर होतो आणि तो फार मजेचा असतो. कॉलेजच्या मैदानावर 20 मीटरची टेप अंथरा. तिच्याखाली विटा, पोती, हिरवं कापड, वाळूचे ढीग काहीही पसरवा आणि ठरवा: वीट म्हणजे जिवंत प्रवाळ, पोतं म्हणजे मेलेलं, कापड म्हणजे शैवाल. टेपच्या बरोबर खाली प्रत्येक वस्तू किती सेंटिमीटर येते ते जोड्यांनी मोजायचं. 20 मीटरमध्ये विटा 6.4 मीटर आल्या तर 'जिवंत प्रवाळ' 32 टक्के. गंमत पुढे आहे. एकाच टेपवर एक जोडी 32 आणते, दुसरी 40. मग भांडण लागतं, कडेची अर्धी वीट धरायची की नाही? हे भांडण विट्यातच होऊ द्या. समुद्रात लाट टेप हलवत असते, तिथे ते मिटत नाही. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पाटीवर शिसपेन्सिलीने लिहायची सवयही इथेच लावा.

त्यानंतर रत्नागिरी किंवा गुहागरची एक सहल, दोन दिवसांची. आंबा घाट उतरा नाहीतर कुंभार्ली. खडकावर वरून खाली पट्टे बघायचे: वर बारीक गोगलगायी, मग खडकाला चिकटलेले कवचधारी बार्नेकल आणि कालवं, खाली झोअँथिडचे (प्रवाळाच्या मऊ भाऊबंदांचे) गालिचे, शैवाल, नशीब असेल तर समुद्री ससा, म्हणजे एक मऊ समुद्री गोगलगाय. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालयही पाहून होतं. इथेच मुलांना एक प्रश्न देऊन ठेवा: समुद्र तोच, ऊनही तेच, मग कोकणात अंदमानसारखे प्रवाळ का नाहीत? मालवणला थोडे आहेत, पण त्या तोलाचे नाहीत. उत्तर नद्यांकडे जातं. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना प्रकाश लागतो, आणि पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणारा गाळ आणि गोडं पाणी तो प्रकाश आणि खारेपणा दोन्ही कमी करतं. पाटणकडचं एखादं मूल असेल तर त्याला हेही सांगा की कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत सोडतात, ते दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं. साताऱ्याचा समुद्राशी काय संबंध, असं मग तो म्हणणार नाही.

अंदमानात मुलांनी करायचं काय, हे त्यांना निघण्याआधी ठाऊक हवं. जोडीला एक प्रश्न, छोटा, चार दिवसांत उत्तर देता येईल असा. वाळूत आणि समुद्री गवतात काळ्या काकड्यांची संख्या प्रति चौरस मीटर किती. डॅमसेल मासा आपल्या जागेत शिरणाऱ्या कोणत्या माशांना हाकलतो, कोणत्यांना नाही. हॉटेलांसमोरच्या किनाऱ्यावर आणि मोकळ्या किनाऱ्यावर भुत्या खेकड्यांची बिळं किती. शंखातला खेकडा कोणत्या जातीचा शंख निवडतो. खारफुटीच्या मुळांवर किती उंचीपर्यंत काय चिकटलेलं असतं. यातले निम्मे प्रश्न घोटाभर पाण्यात किंवा वाळूवरच सुटतात, म्हणजे न पोहणाऱ्यांना 'तुम्ही बॅगा सांभाळा' असं सांगायची वेळ येत नाही. काकडी उचलून दाखवायचा मोह गाईडला होतो, त्याला नम्रपणे थांबवा. त्रास झाला की ती आपली आतडी बाहेर टाकते, आणि मुलं त्याचाच व्हिडिओ काढत बसतात.

एक चूक जवळजवळ प्रत्येक तुकडी करते. प्रवाळ पांढरं दिसलं की 'मेलं' लिहितात आणि तपकिरी दिसलं की 'जिवंत'. प्रत्यक्षात समुद्राचं तापमान नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर चढून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्यातली शैवालं बाहेर टाकतं. तेव्हा ते पांढरं पडतं, पण जिवंत असतं आणि पाणी निवलं तर सावरू शकतं. उलट तपकिरी दिसणारा खडक कधीचा मेलेला असतो आणि वर शैवालाची मऊ लव आलेली असते. जवळून बघायचं: पॉलिपचे, म्हणजे प्रवाळातल्या एकेका बारीक जिवाचे, कप स्वच्छ आणि मांसल आहेत की त्यात धूळ-शैवाल बसलंय? क्वीन्सलंड विद्यापीठाचा प्रवाळाच्या रंगांचा तक्ता मिळतो, तो प्लॅस्टिकमध्ये घालून न्या. अंदमानात 2010 मध्ये अशी मोठी विरंजनाची, म्हणजे प्रवाळ पांढरं पडण्याची, लाट आली होती, पुन्हा 2016 मध्येही. मुलांना दिसेल तो समुद्र त्यातून गेलेला आहे, त्यामुळे माहितीपटासारखे रंग नाहीत म्हणून हिरमुसायचं नाही. 2004 च्या भूकंपाने उत्तर अंदमानचा काही भाग वर उचलला गेला आणि तिथले प्रवाळ उघडे पडून मेले. दक्षिणेकडची जमीन खचली. श्रीविजयपुरमजवळ सिप्पीघाटला शेतांत खारं पाणी शिरलं ते तिथेच राहिलं. वंडूरला जाता-येता बस थांबवा, दहा मिनिटं पुरतात.

धोक्यांचं थोडक्यात. जाड तळव्याचे बूट घातल्याशिवाय कुणी सपाटीवर पाय ठेवायचा नाही, विषारी काट्यांचा स्टोनफिश दगडासारखाच दिसतो. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख कितीही आवडला तरी हातात नाही, कोन स्नेलचा दंश जीवघेणा असू शकतो. माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. बॉक्स जेलीफिशच्या डंखावर व्हिनेगर ओतायचं, चोळायचं नाही. औषधांच्या पेटीत व्हिनेगरची बाटली आणि थर्मास ठेवा. खारफुटीच्या खाड्यांत मगरी आहेत, खाऱ्या पाण्यातल्या. वनविभागाची पाटी आणि गावकऱ्यांचं म्हणणं या दोन्हींच्या पुढे तुमचं वेळापत्रक नाही. स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारण्याचा, हट्ट काही मुलं करतील. त्यात शिकण्यासारखं फार नसतं, हात धरून फिरवतात. करायचाच तर मुक्कामाच्या सुरुवातीला, कारण डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जावे लागतात.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सहल अडते तिथेच. मिरजेहून रेल्वेने बंगळूर आणि तिथून विमान, हा मार्ग मुंबईपेक्षा बरा पडतो. चेन्नईहूनही विमानं आहेत. चेन्नईहून जहाजही जातं, पण समुद्रात तीनेक दिवस जातात आणि तारखांचा भरवसा नाही. तिकिटं तीन महिने आधी काढायची तर हप्ते जूनपासून घ्यावे लागतात. 'कमवा आणि शिका'त काम करणारी मुलं आपल्या वर्गात असतात, त्यांना एकदम रक्कम जमत नाही. आणि एक गोष्ट विभागाच्या बैठकीत आधीच लिहून घ्या: गुण रत्नागिरीच्या सहलीला आणि तिच्या अहवालाला. अंदमान ऐच्छिक. ज्याच्या घरी द्राक्षबागेचं कर्ज आहे त्याचं प्रॅक्टिकल समुद्रावर अवलंबून राहता कामा नये.

लक्षद्वीप चालेल का, असंही तुम्ही विचारलं आहे. प्रवाळाच्या दृष्टीने ते अधिक चोख उदाहरण आहे. तिथली बेटं म्हणजे खरी कंकणद्वीपं, मधे उथळ पाणी आणि भोवती प्रवाळाचं कडं. जुनं बेट खचत गेलं आणि कडेचं प्रवाळ वर वाढत राहिलं, हे डार्विनने 1842 मध्ये मांडलेलं कंकणद्वीपांचं स्पष्टीकरण समोर उभं राहतं. अंदमानात प्रवाळ बेटांना कडेने लागून आहेत. पण लक्षद्वीपला बाहेरच्या प्रत्येक भारतीयाला प्रवेश परवाना लागतो, कोचीहून जहाजांच्या जागा मर्यादित, आणि बावीस जणांच्या तुकडीची राहायची सोय अवघड. पहिल्यांदा अंदमानच करा. नीलला पोहोचल्यावर पहिल्याच ओहोटीला टेपच्या दोन्ही टोकांचे जीपीएस आकडे आणि एका न हलणाऱ्या खडकाचा फोटो घ्या. मूळ नोंदींच्या पाट्यांचे फोटो त्याच संध्याकाळी काढून विभागाच्या संगणकावर पाठवा, कारण पाटी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. पुढच्या वर्षीची तुकडी त्याच 20 मीटरवर टेप टाकू शकली तर तुमच्याकडे तुलना करण्याजोगे आकडे जमायला लागतील. विद्यापीठाला अहवाल पाठवताना ते जोडा.